स्टोमाच्या पिशवीतील रंग का बदलतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टोमा म्हणजे मळ किंवा लघवी बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर काढलेले तोंड, त्यावर पिशवी लावतात. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम करताना अशी पिशवी असलेल्या रुग्णांचे आणि त्यांच्या घरच्यांचे जे फोन येतात, त्यांत रंगाविषयीची विचारणा सर्वाधिक असते. मराठवाड्यातील खेड्यांतून तालुक्याला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे कोणत्या रंगासाठी निघायचे आणि कोणत्या रंगासाठी घरीच थांबायचे, हे नेमके कळणे गरजेचे आहे. पुढील उत्तरे त्या हेतूने लिहिली आहेत. आपल्या सर्जनने काही वेगळे सांगितले असेल तर त्यांचे ऐकावे, कारण त्यांनी आपले पोट आतून पाहिलेले असते.

पिशवीतील मळाचा नेहमीचा रंग कोणता समजावा?

स्टोमा आतड्याच्या कोणत्या भागावर काढला आहे, त्यावर हे अवलंबून असते. म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या पिशवीशी आपल्या पिशवीची तुलना करण्यात अर्थ नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागावरील कोलोस्टोमीतून, जी बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला असते, घट्ट आणि तपकिरी मळ येतो. मोठ्या आतड्याच्या आडव्या भागावरील कोलोस्टोमीतून तो लापशीसारखा येतो. लहान आतड्याच्या टोकाशी केलेल्या इलिओस्टोमीतून मात्र ताकासारख्या पातळपासून पिठल्यासारख्या दाटपर्यंत कसाही मळ येऊ शकतो आणि त्याचा रंग हिरवट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत दिवसातून दोनदासुद्धा बदलू शकतो. आपला स्टोमा कोणत्या प्रकारचा आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड घरात कुठे ठेवले आहे, हे किमान दोघांना माहीत असावे.

हिरवा रंग पाहून घाबरावे का?

एकट्या हिरव्या रंगामुळे घाबरण्याचे कारण नाही. यकृतात तयार होणारे पित्त हिरवट पिवळे असते. अन्नाबरोबर ते लहान आतड्यातून पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावर तेथील जंतू त्यातील बिलिरुबिन या रंगद्रव्याचे टप्प्याटप्प्याने रूपांतर करतात. त्यातून तयार होणाऱ्या स्टर्कोबिलिनमुळे विष्ठेला तपकिरी रंग येतो. इलिओस्टोमीत अन्न मोठ्या आतड्यापर्यंत जातच नाही, म्हणून पित्ताचा मूळ रंग पिशवीत दिसतो. कोलोस्टोमी असलेल्यांनाही जुलाब झाले की हिरवा मळ येतो, कारण वेगाने निघालेल्या पित्ताला रूपांतरासाठी वेळ मिळत नाही. अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये आतड्यातील जंतू कमी झाले, तरीही असेच घडते.

पोट रिकामे असले की रंग अधिक हिरवा आणि मळ अधिक पातळ होतो. एकादशीचा निर्जळी उपवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत हिरवे पाणी आल्याची तक्रार माझ्याकडे दर आषाढात येते. इलिओस्टोमी असलेल्यांनी निर्जळी उपवास करूच नये, हे माझे मत मी येथे स्पष्टच सांगते. पालक, मेथी, चुका, हरभऱ्याची कोवळी भाजी यांनीही मळ हिरवा होतो, आणि तो निव्वळ भाजीचा रंग असतो.

मात्र हिरवा मळ पाण्यासारखा पातळ असेल, पिशवी नेहमीपेक्षा दुप्पट वेळा रिकामी करावी लागत असेल किंवा जोडीला हिरवी उलटी होत असेल, तर रंग बाजूला ठेवून त्या लक्षणांसाठी डॉक्टरांना गाठावे.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात रंग सतत बदलतो, ते बरोबर आहे का?

होय. सुरुवातीला थोडे रक्तमिश्रित पाणी, मग गडद हिरवे पित्तयुक्त द्रव्य आणि खाणे सुरू झाल्यावर हळूहळू पिवळा किंवा तपकिरी मळ, असा साधारण क्रम असतो. या काळात पारदर्शक पिशवी लावतात ती यासाठीच.

पिशवीत लाल रंग दिसला. रक्त आहे की बीट?

या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देते, कारण याच रंगावरून माणसे विनाकारण रात्रभर जागतात आणि याच रंगाकडे दुर्लक्ष केल्याने जिवावरही बेतते.

एका रात्री साडेअकराला लातूरकडच्या एका मुलाचा फोन आला : “सिस्टर, आईच्या पिशवीत रगत आलंय.” मी त्याला पिशवी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मगात रिकामी करायला आणि मोबाइलच्या उजेडात नीट पाहायला सांगितले. सगळा मळ एकसारखा गुलाबी जांभळट होता, गुठळी एकही नव्हती, मगाच्या कडेला लागलेले पाणीही गुलाबी होते. दुपारच्या जेवणात काय होते असे विचारल्यावर पलीकडे थोडी शांतता पसरली आणि मग मागून आईचाच आवाज आला की बीटाची कोशिंबीर होती, सुनेने रक्त वाढावे म्हणून केली होती.

बीटाचा रंग असा सगळ्या मळात मिसळून येतो, काही जणांची लघवीही त्याने गुलाबी होते. कलिंगड, लाल गराचे ड्रॅगन फ्रूट, टोमॅटोची साल, लाल रंग घातलेली सरबते आणि जेली हेही लाल छटा देतात. तिखटजाळ रश्शाचा तवंग इलिओस्टोमीच्या पिशवीत केशरी तेलासारखा तरंगताना दिसतो. इलिओस्टोमीत खाल्लेले अन्न काही तासांत पिशवीत उतरते, त्यामुळे संशयित पदार्थ बंद केल्यावर साधारण दिवसभरात रंग निवळायला हवा. कोलोस्टोमीत दोन-तीन दिवस लागू शकतात.

रक्त बहुधा रेषांसारखे, थेंबांसारखे किंवा गुठळ्यांच्या रूपात दिसते. पिशवीत निव्वळ रक्त साठत असेल, गुठळ्या येत असतील किंवा लाल रंगाबरोबर चक्कर, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असे काही असेल, तर बीट खाल्ले होते की नाही याचा विचार करत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि यकृताचा सिरोसिस (यकृत कडक होऊन आक्रसण्याचा आजार) असलेल्यांनी थोड्या रक्तासाठीही त्याच दिवशी दाखवावे. सिरोसिसमध्ये स्टोमाभोवतीच्या शिरा फुगतात आणि त्यांतून होणारा रक्तस्राव मोठा असू शकतो.

पिशवी बदलताना स्टोमा पुसला की कापसाला रक्त लागते. हे आतून येते का?

बहुतेक वेळा नाही. स्टोमा म्हणजे आतड्याचे आतले अस्तर बाहेर उलटवलेले असते आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. दात घासताना हिरडीतून यावे तसे थोडे रक्त पुसताना येते आणि ओल्या मऊ कापडाने दोन-पाच मिनिटे हलके दाबले की थांबते. फ्लँजचे, म्हणजे पिशवीच्या त्वचेला चिकटणाऱ्या चकतीचे, भोक घट्ट कापले गेले असेल तर त्याची कड स्टोमावर घासून रोज रक्त येऊ शकते. स्टोमापेक्षा चोहोबाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोठे भोक कापल्यावर ही तक्रार सहसा जाते. स्टोमाला स्पर्शाने वेदना होत नाहीत, त्यामुळे जखम झालेली रुग्णाला कळत नाही, ती पाहूनच शोधावी लागते.

दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा स्टोमाच्या मधल्या तोंडातून आतून येताना दिसत असेल, तर ते वेगळे प्रकरण आहे आणि त्याला वरचेच उत्तर लागू होते.

काळा रंग लोहाच्या गोळ्यांमुळे येतो असे ऐकले आहे. मग काळजी कशाची?

लोहाच्या गोळ्यांमुळे मळ गडद हिरवट काळा होतो हे खरेच आहे, आणि ऑपरेशननंतर रक्त कमी असल्याने या गोळ्या बहुतेकांना चालू असतात. बिस्मथ असलेली पोटाची औषधे, कोळशाच्या गोळ्या, जांभळे आणि काळी द्राक्षे यांनीही रंग काळपट होतो. आपल्याकडे आणखी एक कारण नेहमी आढळते, ते म्हणजे कारळाची चटणी. भाकरीबरोबर ती रोज खाणाऱ्यांच्या पिशवीत काळे बारीक कण दिसतात. ती कारळाची न पचलेली टरफले असतात.

काळजी डांबरासारख्या काळ्याची असते. जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्त वाहिले, तर पिशवीत येईपर्यंत ते पचून काळे होते. असा मळ चकाकतो, चिकटतो, पिशवी धुताना तिच्या प्लॅस्टिकला धरून राहतो आणि त्याला नेहमीच्या वासाहून वेगळा, उग्र, कुजका वास येतो. लोहाच्या गोळीने रंग बदलतो, पण मळाचा दाटपणा आणि वास फारसा बदलत नाही. हा फरक घरच्यांनी लक्षात ठेवावा.

एका शेतकरी काकांनी आठवडाभर काळा मळ अंगावर काढला, कारण लोहाच्या गोळीने असे होते हे त्यांना आम्हीच सांगितले होते. गुडघा दुखतो म्हणून ते दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा, बऱ्याचदा उपाशीपोटी घेत होते, ते आम्ही विचारले नव्हते. जठरातील व्रणातून रक्त जात होते. तेव्हापासून काळ्या रंगाची तक्रार आली की मी आधी लोहाचे नव्हे, दुखण्याच्या गोळीचे विचारते.

इलिओस्टोमीत वरचा रक्तस्राव मोठा असेल तर तो काळा न दिसता गडद मरून किंवा थेट लालही दिसतो, कारण वाट लहान असते. दोन्ही स्थितींत उशीर करू नये.

मळ पांढरट, राखेसारखा किंवा शाडूच्या मातीसारखा येत आहे. काय समजावे?

पित्त आतड्यात पोचत नसल्याची ही खूण असू शकते. पित्तनलिकेत खडा अडकणे, तेथे गाठ असणे किंवा यकृताचा आजार, ही त्याची कारणे आहेत. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे आणि अंगाला खाज सुटणे ही जोडीची लक्षणे होत. बेरियम पाजून एक्स-रे काढला असेल तर एक-दोन दिवस मळ पांढरा येतो आणि ॲल्युमिनियम असलेल्या आम्लपित्ताच्या औषधांनीही तो फिकट होऊ शकतो. असे काही कारण नसेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावे, आणि सोबत थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. काविळीचे झाडपाल्याचे औषध घेण्यात या रुग्णांचे मोलाचे दिवस जातात.

पिवळाधमक मळ हळदीमुळे येतो का?

येऊ शकतो. वसमतची हळद घरची असेल तर आमच्याकडे हात सैलच असतो. मात्र पिवळा मळ तेलकट, फेसाळ आणि फार दुर्गंधीयुक्त असेल आणि वजन घटत असेल, तर स्निग्ध पदार्थ पचत नसण्याची शक्यता तपासून घ्यावी.

उन्हाळ्यात इलिओस्टोमीच्या पिशवीत जवळजवळ रंग नसलेले पाणी येते. जास्त पाणी प्यायल्याने असे होते का?

काही अंशी होय, आणि उपाय म्हणून आणखी साधे पाणी प्यायल्याने ते वाढते. मोठे आतडे रोज सुमारे एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी आणि त्याबरोबर मीठ शोषून घेते. इलिओस्टोमीत हे काम बंद असते. स्थिरावलेल्या इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण ५०० ते १,००० मिलिलिटर मळ येतो. १,५०० मिलिलिटरच्या वर जाऊ लागला, रंग फिका पडून पाण्यासारखा झाला, लघवी कमी आणि गडद झाली, पायांत गोळे येऊ लागले, तर शरीरातील मीठ आणि पाणी दोन्ही ओसरत आहेत असे समजावे. निव्वळ पाणी प्यायल्यावर लहान आतड्यातून मीठ आणखी बाहेर खेचले जाते, म्हणून तहान भागत नाही आणि पिशवी मात्र भरत राहते.

अशा वेळी ओआरएसचे एक लिटरचे पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवून दिवसभर घोट घोट प्यावे आणि साधे पाणी, चहा, उसाचा रस, बाटलीतील गोड पेये कमी करावीत. मीठ घातलेली तांदळाची पेज चांगली. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच वाढवावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुपारच्या शेतकामावर इलिओस्टोमीचा रुग्ण नसलेलाच बरा. पिशवीतील मळ मोजण्यासाठी खुणा असलेला एक स्वस्त जग वेगळा ठेवावा, अंदाजाने सांगितलेला आकडा नेहमी कमीच निघतो.

पाण्यासारखा मळ जोराने येऊन मग एकदम थांबला, पोटात कळा येऊ लागल्या, पोट फुगले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकल्याची शंका घ्यावी. चार ते सहा तास काहीच न येणे आणि कळा असणे, एवढे रुग्णालयात जाण्यास पुरेसे आहे. अशा वेळी पोट साफ होण्याचे (रेचक) औषध कदापि घेऊ नये.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी पिशवीत हिरवे-पिवळे तुकडे आले. आतडे सडले काय?

हा प्रश्न मला याच शब्दांत विचारला गेला आहे. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशीच्या भज्जीत, म्हणजे मिश्र भाजीत, वाटाणा, हरभरा, तूर, शेंगदाणे आणि नाना भाज्या असतात, आणि त्यांची साले व तंतू इलिओस्टोमीत जसेच्या तसे बाहेर पडतात. आतड्याला काहीही झालेले नसते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा-आठ आठवड्यांत मात्र भज्जी, हुरडा, कणसे आणि खोबऱ्याचे तुकडे टाळावेत, कारण सुजलेल्या आतड्यात यांचाच बोळा अडकतो. पुढे खाल्ले तरी थोडे आणि खूप चावून.

औषधांनी आणखी कोणते रंग येतात?

क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे लघवी, घाम आणि अश्रू केशरी लाल होतात, मळालाही तशी छटा येते, आणि ते रक्त नसते. बी-कॉम्प्लेक्समुळे लघवी झगझगीत पिवळी होते. याशिवाय इलिओस्टोमीच्या पिशवीत कधी कधी आख्खी गोळी किंवा तिचे रंगीत टरफल सापडते. हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्यांचे औषध शोषले जाऊन नुसते टरफल बाहेर येते, तर काही वेळा गोळी न विरघळताच निसटते आणि मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा उपचार कागदावरच राहतो. यांतले काय झाले हे डॉक्टर किंवा औषधविक्रेते सांगू शकतात, त्यामुळे गोळीचे पाकीट घेऊन त्यांच्याकडे जावे. अशी गोळी स्वतःहून कुटून घेऊ नये.

युरोस्टोमीच्या पिशवीत पांढरे धागे येतात आणि एकदा तर पिशवी जांभळी झाली. हे काय आहे?

मूत्राशय काढल्यावर लघवीसाठी जो मार्ग (युरोस्टोमी) बनवतात तो लहान आतड्याच्या तुकड्याचा असतो. ते आतडे आपल्या स्वभावानुसार शेंबडासारखा स्राव तयार करीतच राहते, तेच हे पांढरे धागे. पाणी पुरेसे प्यायल्याने ते पातळ होतात.

जांभळी पिशवी पाहून घरचे हादरतात, पण तिचे कारण रंजक आहे. अन्नातील ट्रिप्टोफॅन या प्रथिनांच्या घटकापासून आतड्यात तयार झालेला एक पदार्थ यकृतातून लघवीत उतरतो आणि पिशवीतील काही जंतू त्यापासून निळे इंडिगो आणि लाल इंडिरुबिन बनवतात. दोन्ही रंग मिसळून प्लॅस्टिकवर बसतात. बद्धकोष्ठ असलेल्यांमध्ये आणि लघवी अल्कधर्मी झाली असता हे अधिक दिसते. पिशवी बदलावी, पाणी वाढवावे आणि लघवीत जंतुसंसर्ग आहे का हे डॉक्टरांना पाहू द्यावे. तपासणीचा नमुना जुन्या पिशवीतून देऊ नये, त्यात जंतू हमखास सापडतात आणि नको ते औषध सुरू होते. लघवी लाल होणे, ताप येणे आणि कंबरेच्या वर दुखणे ही तातडीची लक्षणे आहेत.

पिशवी पोटावर आहे, तरी गुदद्वारातून चिकट पांढरे का येते?

आत शिल्लक असलेल्या गुदाशयाचे अस्तर स्राव तयार करणे थांबवत नाही. तो साठला की संडासची भावना होते आणि पांढरट किंवा फिकट तपकिरी चिकटा पडतो. त्यात रक्त किंवा पू असेल, तरच दाखवावे.

स्टोमाचाच रंग बदलला तर?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि खरे तर हाच आधी विचारायला हवा. निरोगी स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर असतो. तो जांभळा, तपकिरी किंवा काळा पडू लागला तर त्याचा रक्तपुरवठा घटलेला असू शकतो आणि त्याच तासाला निघावे, मग पिशवीतील मळ कितीही नेहमीसारखा असो. फिकट गुलाबी स्टोमा बहुधा रक्त कमी असल्याचे सुचवतो. पिशवी बदलताना दिवसाच्या उजेडात एकदा नीट पाहून घ्यावे. बल्बच्या पिवळ्या उजेडात जांभळा स्टोमा लाल वाटतो.

डॉक्टरांना फोनवर काय सांगावे?

रंग कधीपासून बदलला, मळ पातळ आहे की दाट, दिवसात पिशवी किती वेळा रिकामी केली, आदल्या दिवशी काय खाल्ले आणि दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्यांसह सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे सांगितले तरी बरेचसे काम होते. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर मळ पांढऱ्या भांड्यात घेऊन, फ्लॅश बंद ठेवून, अंगणातील उजेडात काढावा. बंद पिशवीचा बाहेरून काढलेला फोटो मला अजून एकदाही उपयोगी पडलेला नाही. रुग्णालयात यायचे ठरलेच तर पिशवी रिकामी करून, स्वच्छ धुऊन येऊ नये. थोडा मळ झाकणाच्या डबीत घालून आणावा आणि डबीवर वेळ लिहावी.